इळ्यांचा दगड

सायवनकडे जाणारा रस्ता जिथे चढाला लागतो, तिथल्या वळणावर मी टमटममधून उतरले. टमटमवाला म्हणाला, "इथं? इथं तर काहीच नाय, म्याडम." मी म्हटलं, "आहे." त्याने एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सुटे पैसे परत देऊन निघून गेला.

त्याचं काहीच नाही म्हणजे एक दगड होता. काळा, बसलेल्या म्हशीएवढा, रस्त्याच्या डाव्या अंगाला अर्धा मातीत रुतलेला. वरची बाजू सपाट, आणि त्या सपाटीवर खाचा. कुठे बोटभर लांब, कुठे वीतभर, मधे खोल आणि टोकांना उथळ. मी त्या खाचांवरून हात फिरवायला वाकले आणि तशीच थांबले. दगडाच्या पोटावर कोणीतरी लाल रंगाने बाण काढला होता आणि बाणाखाली एक आकडा घातला होता. रस्ता रुंद होणार, त्यात जे जे जाणार त्याच्यावर असे बाण निघाले होते. पुढच्या मोहाच्या झाडावर एक, पाण्याच्या टाकीवर एक. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या दगडावर आकडा घालणारा हा कोण?

मी आले होते ती सुनीलच्या फोनमुळे. सुनील आमच्या गावचा सरपंच, आणि चौथीत माझ्याच हाताखाली शिकलेला. मी आता निवृत्त होऊन डहाणूला राहते, पण गावात काही लिहायचं निघालं की फोन मलाच येतो. त्याने सांगितलं होतं, "बाई, फक्त एक सही पाहिजे. तुमची सही झाली की दगड वाचला." इतक्या सोप्या भाषेत कोणी सही मागितली की आपण आधी कागद मागावा, हे मी तीस वर्षांच्या नोकरीत शिकले होते. म्हणून कागद वाचायच्या आधी दगड बघायला आले.

विळ्याला आमच्याकडे इळा म्हणतात, आणि हा इळ्यांचा दगड. लहानपणी प्रत्येक घराची खाच ठरलेली होती. आमची उगवतीच्या बाजूला, कडेपासून तिसरी. माझं बोट तिच्यात नीट बसायचं, आणि शाळेतून येताना मी ते तिच्यात घालून एकदा पुढे-मागे फिरवल्याशिवाय घरी जात नसे. पावसाळ्यात खाचांत पाणी साचायचं, त्याच्यावर लाल चतुर येऊन बसायचे. उन्हाळ्यात दगड असा तापायचा की त्याच्यावर टाकलेली चिंचेची साल दुपारपर्यंत कडकडीत व्हायची. पण ह्या दगडाचे खरे दिवस दसऱ्यानंतरचे. माळावरचं गवत पिवळं पडायचं, वाऱ्याने एका अंगाला झुकायचं, आणि सगळ्या गावाला त्याचा वास यायचा. थोडा गोड, थोडा धुळीचा, नाकात शिरला की शिंक आणणारा. कुसळं कपड्यांत अडकायची. आई संध्याकाळी आमचे परकर उन्हाच्या शेवटच्या तुकड्यात धरून एकेक कुसळ काढायची आणि प्रत्येक कुसळाला एक शिवी द्यायची. तो वास आता मला डहाणूला कधी येत नाही. एखाद्या टेम्पोतून सुका चारा जातो तेव्हा मी रस्त्यात थांबते, आणि मागचा स्कूटरवाला भोंगा वाजवतो.

गवत कापायला सुरुवात करायच्या दिवशी बा, म्हणजे माझे वडील, आंघोळ करून ओल्या केसांनी निघायचे. इळा घरी ठेवायचे. बांधावरचं एक मूठभर गवत हाताने उपटायचे, मुळांसकट, मातीसकट, आणि ते नेऊन दगडावर ठेवायचे. पाड्यातले सगळेच असं करायचे. नारळ नाही, शेंदूर नाही, हात जोडणं नाही. दहा वाजेपर्यंत दगडावर गवताच्या मुठी पडलेल्या असायच्या आणि खाली मातीचा सडा. मी एकदा विचारलं, "बा, हा देव हाय का?"

"नाय. देवाकडं मागाया जायाचा. ह्याच्याकडं काय मागाया नाय जायाचा."

"मंग कशाला जायाचा?"

"दाखवाया."

"काय दाखवाया?"

"का हात आपला हाय." एवढं बोलून बांनी मातीचे हात धोतराला पुसले. मला तेव्हा वाटलं, हे काय दाखवायचं? हात तर ज्याचा त्याचाच असतो.

नसतो, हे नंतर कळलं. आमच्या आज्या-पणज्यांचे हात मालकाचे होते. आपलं भात शेतात पिकून लवलेलं असायचं, आणि आधी मालकाच्या माळावर गवत कापायला जायचं. त्याला वेठ म्हणत, आमच्या तोंडी येठ. जाताना ह्या दगडापाशी थांबून वाळूची चिमूट टाकायची, थोडं पाणी टाकायचं आणि इळ्याला धार लावायची. किती पिढ्या लावली ते कोणी मोजलेलं नाही, खाचांच्या खोलीवरूनच काय ते समजायचं. मग एका वर्षी सगळा पाडा इथपर्यंत आला, दगडाभोवती बसला, आणि कोणीच धार लावली नाही. दुपारपर्यंत बसले आणि मग आपापल्या भाताला गेले. बा तेव्हा आजीच्या कडेवर होते, त्यामुळे त्यांना त्यातलं काही आठवायचं कारण नाही. पण सांगताना ते नेहमी 'आमी बसलो' असंच सांगायचे. तेव्हापासून ह्या दगडाला पातं लावायचं नाही, असा नियम झाला. इळ्याचं नाही, कोयत्याचं नाही, सुरीचंसुद्धा नाही.

हा नियम एकदाच मोडला, आणि तो मोडला हिरूबायने. हिरूबाय डहाणूच्या किनाऱ्यावरची, सुकी मासळी विकणारी. नवऱ्याची होडी, आणि हिची डोक्यावरची पाटी. एसटीने जमेल तिथपर्यंत यायची आणि पुढे पायी. बोंबील, सुकट, वाकट्या देऊन आमच्याकडचं भात न्यायची. ती वळणावर आली की वास आधी पाड्यात पोचायचा आणि मांजरं तिच्या सामोरी जायची. दगडाच्या सावलीत पाटी उतरवून ती जी बसायची ती बाया गोळा होईपर्यंत. एका दिवशी सुक्या मुशीचा तुकडा काही तुटेना, तेव्हा तिने सहज पाण्याचे चार थेंब दगडावर टाकले आणि सुरी घासायला लागली. आमच्याच खाचेत.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. बारीक, करकरीत, आणि आमच्या पाड्यात कोणीही त्या दगडातून कधी न ऐकलेला. आई हातातली सुपली टाकून धावली. माझा मोठा भाऊ लाडकदादा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा, तो तर ओरडतच सुटला. पाच मिनिटांत अर्धा पाडा हिरूबायभोवती. ती सुरी हातात धरून उभी.

"अरे काय झाला? दगडच हाय ना?"

बांनी तिला सांगितलं काय आहे ते. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग मी काय कोणा मालकाची चाकर हाय? होडी माझ्या घोवाची, मासळी मी सुकवली, सुरी माझी. माझ्या सुरीला बंदी कशाची?"

पहिले हसले ते बा. म्हणाले, "बरोबर हाय तिचा." पण नियम तो नियम, म्हणून तिला एक मूठ गवत उपटून ठेवायला सांगितलं. हिला गवत उपटायची सवय कुठली! गवताच्या पात्याने तर्जनी कापली, रक्त आलं. हिरूबायने बोट तोंडात घातलं आणि बोट चोखत चोखतच म्हणाली, "तुमच्या गवतालाच एवढी धार हाय, दगडाला कशाला लावायची?" त्या दिवशी तिची पाटी रिकामी झाली. पुढे दरवर्षी त्या दिवसांत ती आली की आपण होऊन एक मूठ उपटायची आणि आम्हा सगळ्यांना दोन शिव्या हासडून ती दगडावर ठेवायची.

बांचा स्वभाव तसा गप्प. पण त्यांची एक खोडी होती, आणि ती डहाणूच्या बाजारात गेल्यावरच दिसायची. स्टेशनापासून थोड्या अंतरावर गवताची जुनी वखार होती. पत्र्याचं लांबच लांब छप्पर, आत गासड्या रचलेल्या. माझ्या लहानपणी ती निम्मी रिकामी झाली होती, तरी कापलेल्या गवताचा तो वास तिथे भरून असायचा. बा बाजार उरकून मुद्दाम तिथे जायचे आणि वखारीच्या ओटल्यावर बसून भाकर सोडायचे. तांदळाची भाकर आणि बोंबलाची चटणी. पोटात भूक असो नसो, ते हळूहळू खायचे. रखवालदार यायचा, "ए, ऊठ, ऊठ."

"का?"

"ही बसायची जागा नाही."

"ही वखार माझ्या बापानी भरली. मी चटणी सांडत नाय, तू काळजी नको करू." आणि पुन्हा पहिल्याच संथपणे घास. समोरच्या दुकानातला म्हातारा शेठ पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणायचा, "बेसो काका, बेसो." रखवालदार बदलले, बांची बैठक बदलली नाही. मला तेव्हा लाज वाटायची. लोक बघतात म्हणून मी ओढणीचं टोक तोंडात धरून दुसरीकडे बघत बसायचे. आज ती लाज आठवली की स्वतःचाच राग येतो. त्या ओटल्यावर मी ताठ बसायला हवं होतं. आता तिथे इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान. चिकूच्या हंगामात पुढे टेम्पो उभे राहतात आणि पिकलेल्या चिकूचा जड वास येतो. ओटला नाही.

नोकरीत मी अकरा वर्षं वेवजीला काढली, गुजरातच्या हद्दीजवळ. शाळेत पुस्तकं उशिरा यायची, कधी कमी यायची. मी वर्ग घेऊन सरळ रस्त्यावर जायचे. किलोमीटरचे दगड, वनखात्याचे फलक, 'शाळा पुढे आहे, वाहने सावकाश हाका', गाड्यांच्या पाठी, जे लिहिलेलं दिसेल ते पोरं मोठ्याने वाचायची. थोडं पुढे गेलं की अक्षरांवरची रेघ जायची आणि गुजराती पाट्या सुरू व्हायच्या. त्याही ती वाचायची, कारण घरात दोन्ही भाषा. गावाच्या वेशीवर वाघदेवाचा लाकडी खांब होता, त्याच्यावर सूर्य, चंद्र आणि वाघ कोरलेला. एक पोरगी त्याच्यासमोर उभी राहून, जसं काही तिथे अक्षरंच आहेत, तसं वाचायची, "येथून पुढे वाघाचे राज्य." आम्ही सगळे हसायचो, पण मी तिला चूक दिली नाही.

त्याच पोरीने मला एकदा विचारलं, "बाई, पाटीवर लिवलाय म्हंजे खराच ना?"

मी म्हटलं, "हो गं. पाटी म्हणजे चारचौघांत सांगितलेली गोष्ट. खोटं कोणी चारचौघांत सांगेल का?"

मी तरुण होते. असं उत्तर देऊन वर्गाला पुढे घेऊन गेले. पुढे कितीतरी वर्षं मी हेच सांगत राहिले, आणि पोरं मोठी होऊन पाट्या वाचत राहिली. सुनीलही त्यातलाच.

त्याने मला जो कागद दिला त्याच्यावर लिहिलं होतं: 'ऐतिहासिक शिळा. प्राचीन काळी राजाच्या सैन्याने या शिळेवर तलवारींना धार लावली, असे मानले जाते.'

"कोण मानतं?" मी विचारलं.

"बाई, शहरातनं ते डोंगर चढणारे लोक आले होते ना, त्यांनी फोटो काढले. ते म्हणाले, तलवारीच्याच खाचा आहेत."

"आणि राजा कुठला?"

"ते मोकळं सोडलंय. नंतर टाकू." हे बोलताना सुनीलचे कान लाल झाले. तो मुळात प्रामाणिक पोरगा. त्याने सगळं समोर मांडलं. शिळा ऐतिहासिक ठरली तर रस्ता हातभर वळवता येतो, भोवती साखळी लागते, निळी पाटी लागते. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा आणि एका जाणकाराची सही हवी. निवृत्त शिक्षिका चालते. इळ्यांचा दगड म्हटलं तर त्याला कुठल्याच कागदात रकाना नाही. "बाई, मला माहीत नाय का खरं काय ते? माझ्या आजीची खाच हाय तिथं. पण तलवार लिहिली तर राहतो, इळा लिहिला तर जातो. तुम्हीच सांगा आता."

मी कागद घेऊन लाडकदादाकडे गेले. दादा आता सत्तरीला आला आहे, गुडघे धरलेत, पण आवाज तोच. वहिनीने भात वाढला. दादाने मला पहिला घासही घेऊ दिला नाही.

"लिव ना तलवार. आपला काय जातो? दगड रायला पायजे."

"दादा, पण ते खोटं आहे."

"पाटी आज हाय, उद्या गंजंल, पडंल. दगड रायल. आमाला माहीत हाय ना तो कोणाचा ते?"

"तुला माहीत आहे. तुझ्या नातवाला?"

"मी सांगंल."

"आणि पाटी दुसरंच सांगेल. तो कोणाचं ऐकेल? मी पोरांना पाटी खरी मानायला शिकवलंय, दादा. मीच शिकवलंय."

"तू शिकलीस आन हट्टी झालीस."

"हट्टी मी आधीपासून होते. शिकले म्हणून बोलता येतं एवढंच."

दादा ताटावरून उठला. मी त्या घरात पहिल्यांदा एकटीने जेवले. तो दगड फुटला तर दादा मला माफ करणार नाही, आणि मीही स्वतःला करेन की नाही, ठाऊक नव्हतं. दुपारी पडवीत बसून मी तो कागद मांडीवर घेतला, पेनाचं टोपणही काढलं. नाव लिहायला कितीसा वेळ लागतो? आमच्या आजीला नाव लिहिता येत नव्हतं. तिच्याकडून कोणी काही लिहून घ्यायचं तर अंगठा धरून उमटवून घ्यायचे. माझा अंगठा धरणारं कोणी नव्हतं, मी आपण होऊन सही करायला बसले होते. मी टोपण लावलं.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. रस्त्याच्या कामाचे साहेब आले होते, तरुण, चष्मा लावलेले, बोलायला अदबशीर. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला. मी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला आणि परत दिला.

"मी सही करणार नाही."

दादा खांबाला टेकून खाली बघत होता.

"म्याडम, हे तुमच्याच गावच्या फायद्याचं आहे."

"साहेब, सैन्य इथून गेलं असेल, नसेल. गेलं असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण त्या खाचा आमच्या माणसांनी पाडल्यात, इळ्यांनी, आणि शेवटी इळे खाली ठेवले तेही आमच्याच माणसांनी. त्याच्यावर मी दुसऱ्याची तलवार ठेवू देणार नाही. इळ्याचा दगड म्हणून लिहा, आत्ता सही करते."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तसं लिहिलं तर रेकॉर्डला तो साधा दगड. साधा दगड रस्त्यात ठेवता येत नाही. सोमवारी मशीन येईल. फोडावा लागेल."

झालं. मी जे म्हणायचं ते म्हटलं होतं आणि त्याचं फळ समोर होतं. दादाकडे बघायची हिंमत झाली नाही.

पुढच्या रांगेत बायजी बसली होती. दादाच्या शेजारच्या घरातली, दादापेक्षा चार वर्षांनी मोठी, एकटीच राहणारी, आणि अजून आपल्या बांधावरच्या गवताला दुसऱ्याला हात लावू न देणारी. तिने विचारलं, "फोडायचा कशाला? उचलू ना आमी."

साहेब हसले. "आजी, केवढा आहे तो! निम्मा तर जमिनीत असेल. आणि एवढ्या माणसांची मजुरी मी कुठल्या खात्यातून देऊ?"

"मजुरी कोण मांगतो?"

"म्हणजे? फुकट करणार तुम्ही सगळे?"

फुकट हा शब्द ऐकला आणि व्हरांड्यात आधी एक बाई हसली, मग तिच्या शेजारची, मग सगळेच. साहेबांना कळेना आपण काय विनोद केला. तेव्हा दादा खांबाला धरून उभा राहिला.

"साहेब, फुकट राबायचा नाय म्हणून तर आमचा तो दगड हाय. पण तवा सांगणारा मालक होता. आता सांगणारा कोण? आमचा आमीच. मंग ती येठ नाय. माझ्या शेताचा कोपरा रस्त्याला लागून हाय, तठं बसवू त्याला." आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "हिची सही नको आन तुमची साखळी नको."

रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा सगळा पाडा दगडाभोवती होता. ताडाचे ओंडके आणले होते, बांबू आणले होते. दोर किनाऱ्यावरून आले होते, हिरूबायच्या सुनेने होडीचे जाड दोर टमटममध्ये घालून पाठवले होते, आणि त्यांना मासळीचा वास येत होता. काम सुरू होणार तोच पहिला खोळंबा झाला. दगडाखालची माती पहारीने उकरायची, तर पहार लोखंडाची. दगडाला पातं लावायचं नाही हा नियम, मग पहार चालते का? अर्धा तास वाद. पाड्यातला रुपजी म्हणाला, लोखंड ते लोखंड. कोणी म्हणालं, लाकडाने उकरा. लाकडाने उकरत बसलो असतो तर पुढची दिवाळी आली असती. शेवटी बायजीने पहार हातात घेतली, तिच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि निकाल दिला, "ह्याला टोक हाय, पाता नाय. घाला." त्यावर कोणी अपील केलं नाही.

दगड खरंच निम्मा जमिनीत होता. दोर लावले, ओंडके सरकवले. "हैशा" म्हणून एक जण ओरडायचा आणि बाकीचे ओढायचे. बाया, म्हातारे, सुनील, त्याची बायको, आणि मी. माझ्या तळहाताची साल निघाली, पाठ पुढे चार दिवस धरली. दगड हलला तेव्हा खालून थंड मातीचा वास आला आणि पांढरी मुळं दिसली. दोन-तीन जण खड्ड्यात वाकून बघायला लागले. हंडा निघेल अशी त्यांना आशा होती, ते आधीपासून कुजबुजतच होते. खाली एक विंचू निघाला. तो सगळ्यांना बाजूला सारून निघून गेला आणि आम्ही पुन्हा दोर धरले.

साठ-सत्तर पावलांचं अंतर, त्याला ऊन उतरेपर्यंत वेळ लागला. नव्या खड्ड्यात बसवताना दादाने सगळ्यांना थांबवलं. उगवतीची बाजू उगवतीलाच आली पाहिजे, नाहीतर घराघराच्या खाचा चुकतील. पुन्हा दोर, पुन्हा ओंडके, पुन्हा शिव्या. दगड बसला. दादा त्याच्याशेजारी बांधावर बसला आणि सगळ्यांसमोर रडला. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. वहिनीने आणलेला चहा आम्ही एकाच कपबशीतून घेतला, त्याने कप घेतला आणि मला बशी दिली.

पाटी मी स्वतः केली. डहाणूहून पत्रा आणला, पांढरा रंग दिला आणि काळ्या अक्षरांत लिहिलं. तीस वर्षं फळ्यावर लिहिलेला हात, अक्षर चांगलंच आहे. 'ह्या दगडावर आमची माणसं मालकाच्या गवतासाठी विळ्यांना धार लावत. एके वर्षी लावली नाही. दगडाला पातं लावू नये.' सुनीलने विचारलं, "बाई, परवानगी कोणाची घेतली?" मी म्हटलं, "जमीन दादाची, पत्रा माझा, अक्षर माझं. तुला काय पाहिजे?" त्याने खिळे धरले आणि मी ठोकले.

रस्ता आता रुंद झाला आहे. गाड्या जोरात जातात. जुन्या जागी काळंभोर डांबर आहे. मी महिन्यातून एकदा तरी जाते, बांधावर बसते, दादाशी भांडते. परवा अशीच बसले होते, गवत पिवळं पडायला लागलं होतं. एक मोटार थांबली. नवरा, बायको, शाळकरी मुलगी. मुलीने पाटी मोठ्याने वाचली, एका दमात, एकही चूक न करता. वडिलांनी पाटीच्या मागच्या बाजूला जाऊन पाहिलं, तिथे काहीच नव्हतं.

"एवढंच? धार लावली नाही, मग पुढे काय झालं?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून बायजी उभी राहिली. हातात नुकतं उपटलेलं गवत, मुळांची माती तिच्या पायांवर पडत होती.

"पुढं काय होयाचा? गवत उभ्या उभ्या वाळला," ती म्हणाली. "आन मालक पयल्यांदा आमच्या पाड्यावर चालत आला, मजुरी इचाराया."